धोम ते माहुली: कृष्णाकाठ पाण्याच्या बाजूने बघताना

वाईला येणारी बहुतेक मंडळी ढोल्या गणपतीसमोर हात जोडतात, घाटावर दोन फोटो काढतात आणि पसरणी घाट चढून पाचगणीला जातात. अर्ध्या तासात वाई उरकते. मेणवली त्यांच्या यादीत असली तर वेळेअभावी गळते, धोम धरणापुरतं उरतं आणि लिंबची विहीर व संगम माहुली पुढच्या खेपेवर ढकलली जाते. खरं तर धोमपासून माहुलीपर्यंतचा हा कृष्णाकाठ रस्त्याने साठ किलोमीटरच्या आत-बाहेर आहे आणि एका दिवसात नीट बघून होतो. अट एकच, नदीच्या प्रवाहाबरोबर खाली उतरत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी आधी पाण्याच्या कडेला जाऊन मग वास्तूकडे वळून बघायचं. इथली देवळं, घाट, वाडे रस्त्याकडे तोंड करून बांधलेले नाहीत. बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नदी होती, तिचा पूर होता, उन्हाळ्यातला तिचा तळ होता. रस्त्याकडून गेलं की आपल्याला त्यांची पाठ तेवढी दिसते.

आधी पाण्याचं गणित. महाबळेश्वरला उगम पावून कृष्णा जोर खोऱ्यातून खाली येते. वाटेत बलकवडीचं छोटं धरण, त्याखाली धोमचं मोठं, साडेतेरा टीएमसीचं. म्हणजे वाईच्या घाटांवर किती पाणी आहे हे आता पावसापेक्षा धोमच्या दरवाजांवर जास्त अवलंबून असतं. जून-जुलैमध्ये धरण भरत असतं, तेव्हा वर महाबळेश्वरला कोसळत असूनही वाईत पाणी बेताचं असू शकतं. धरण भरत आलं की विसर्ग सुरू होतो, साधारण ऑगस्टमध्ये किंवा जुलैच्या शेवटी, आणि मग घाटाच्या पायऱ्या काही तासांत बुडतात. ढोल्या गणपतीच्या गाभाऱ्यात पाणी शिरल्याच्या बातम्या येतात त्या याच दिवसांतल्या. या काळात जायचंच असेल तर विसर्गाची बातमी बघून निघा आणि घाटावर पाण्याच्या कडेच्या पायरीवर उभे राहू नका. शांत दिसणारं पाणी वरून सोडलेल्या विसर्गाने बघता बघता चढतं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. नदीत पाणी असतं, पायऱ्या उघड्या असतात, डोंगर अजून पिवळे पडलेले नसतात. मार्चनंतर पाणी आवर्तनानुसार कालव्यांनी शेतीला जातं आणि नदीचं पात्र जागोजागी उघडं पडतं. मात्र उन्हाळ्याची एक जमेची बाजू आहे. एरवी पाण्याखाली असलेल्या खालच्या पायऱ्या तेव्हा दिसतात आणि घाटाचा पाया कसा घातलाय ते कळतं. ज्याला बांधकामात रस आहे त्याने एक फेरी एप्रिलमध्येही करावी. सोबत जाड मोजे ठेवावेत. देवळांच्या आवारात चपला काढाव्या लागतात आणि काळा दगड दुपारी बाराला तव्यासारखा तापतो.

पुण्याहून येणाऱ्यांनी खंबाटकी घाट चढून उतरल्यावर सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. तिथून वाई बारा किलोमीटरच्या आसपास, दुतर्फा वडांची सोबत असलेला रस्ता. शनिवारी सकाळी नऊनंतर याच रस्त्यावर महाबळेश्वरची सगळी गर्दी असते, म्हणून पहाटे पाचला पुणे सोडावं आणि सातच्या सुमारास वाई ओलांडून थेट धोम गाठावं. एसटीने यायचं असेल तर स्वारगेटवरून महाबळेश्वरच्या गाड्या वाईमार्गे जातात. वाई स्टँडवरून मेणवली आणि धोम मिळून एकच रिक्षा ठरवावी, थांबण्याच्या वेळेसह भाडं आधीच बोलून घ्यावं. धोमहून परतीची रिक्षा रस्त्यावर सहज मिळेल या भरवशावर राहिलं की उन्हात चालावं लागतं.

धोमला लोक धरणाची भिंत आणि बोटिंग बघून परततात. गाव आणि देऊळ भिंतीच्या खालच्या अंगाला आहे. धौम्य ऋषींच्या नावाशी गाव जोडलेलं आहे. आवारात शंकराचं आणि नृसिंहाचं अशी दोन मुख्य मंदिरं आहेत. नृसिंहाचं मंदिर उंच चौथऱ्यावर आहे आणि नृसिंह जयंतीला, म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशीला, इथे उत्सव असतो. पण जरा जास्त वेळ द्यावा तो शिवमंदिरासमोरच्या नंदीला. कमळाच्या आकाराचा दगडी हौद, त्यात दगडी कासव, कासवाच्या पाठीवर मंडप आणि मंडपात नंदी. हौदात पाणी भरलं की कासव पाण्यावर तरंगत नंदीला घेऊन निघालंय असं दिसावं, अशी ही योजना. अडचण अशी की हौद बऱ्याचदा कोरडा असतो आणि कोरड्या हौदात उभं राहून वरून बघितलं तर कासव नुसता चौथरा वाटतो. त्यामुळे हौदाच्या काठाशी खाली बसा, डोळे कासवाच्या पाठीच्या पातळीला आणा. मग त्याची मान, पाय आणि पाठीचा उतार एकत्र दिसायला लागतो. पावसाळा संपताना गेलात तर पाणी मिळण्याची शक्यता जास्त.

धोमला तास पुरतो. तिथून वाईकडे परत येताना मेणवलीचा फाटा लागतो.

मेणवली हे या सगळ्या काठावरचं माझ्या मते सगळ्यात पूर्ण ठिकाण आहे. वाडा, घाट, देवळं आणि नदी यांचा एकमेकांशी असलेला मूळ संबंध इथे अजून शाबूत आहे. नाना फडणवीसांना 1768 मध्ये हे गाव इनाम मिळालं आणि पुढच्या काळात त्यांनी इथे वाडा आणि घाट उभारला. नाना 13 मार्च 1800 ला पुण्यात वारले. त्यांच्या पत्नी जिऊबाई पुढे याच वाड्यात राहिल्या. नानांची कागदपत्रं अभ्यासकांमध्ये मेणवली दप्तर म्हणूनच ओळखली जातात.

वाडा सहा चौकी आहे आणि खासगी मालकीचा आहे. त्यामुळे सरकारी स्मारकासारखी वेळेची हमी धरू नये. सकाळी नऊनंतर जावं, राखणदाराला विचारावं, जे शुल्क असेल ते द्यावं आणि जे दालन बंद आहे ते उघडण्याचा आग्रह धरू नये. आत शिरल्यावर थेट नानांचा पलंग शोधत न जाता पहिल्या चौकात थांबा. सागवानी सुरूदार खांब, त्याखाली तळखडा म्हणजे बैठकीचा दगड, वर हस्त म्हणजे खांबाच्या माथ्यावरचा आधार आणि त्यावर आडवी तुळई, हा भार कसा उतरत येतो ते एकदा डोळ्यांनी वरून खाली तपासा. तळखडा नुसता शोभेचा नाही. लाकडाचं टोक जमिनीतल्या ओलीपासून आणि वाळवीपासून दूर राहावं म्हणून तो आहे. ज्या वाड्यांत नंतरच्या दुरुस्तीत जमिनीची पातळी वाढवून फरशी घातली आणि तळखडे बुजवले, तिथले खांब खालून कुजले. कुठलाही जुना वाडा बघताना हे पहिल्यांदा तपासण्यासारखं आहे.

भिंतींवर चित्रं आहेत. देवादिकांची, दशावताराची. चुन्याच्या गिलाव्यावरचे हे रंग ओल आणि बोटं या दोन गोष्टींनी जातात. ओलीचं आपण काही करू शकत नाही, बोटांचं करू शकतो. फ्लॅश बंद ठेवा आणि मुलांना भिंतीपासून हातभर लांब ठेवा. चित्र नीट दिसत नसेल तर समोर उभं न राहता एका बाजूने, खिडकीच्या उजेडाच्या रेषेत उभे राहा. पुसट रेषा तिरक्या उजेडात जास्त उठून दिसतात.

वाड्याच्या मागून घाटावर उतरता येतं. घाट चंद्रकोरीच्या आकाराचा आहे. सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीपर्यंत जा आणि मग मागे वळा. तिथून मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी दोन्ही देवळं, पायऱ्यांची कोर आणि मागे झाडी, हे सगळं एका नजरेत बसतं. हा घाट अनेक सिनेमांत दिसतो, तो याच कोनातून. अगदी पाण्याजवळच्या दोन-तीन पायऱ्यांवर हिरवट काळं शेवाळ असतं, वाळल्यासारखं दिसलं तरी निसरडं. रबरी सपाट तळाची चप्पल तिथे हमखास घसरते. पोहायला उतरू नका. घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली जिथे संपतात तिथून पुढे एकदम खोली असू शकते, आणि ती वरून दिसत नाही.

देवळांजवळच्या एका छोट्या खोलीवजा बांधकामात ती प्रसिद्ध घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी मे 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या आणि वेगवेगळ्या देवस्थानांत वाटल्या गेल्या. मेणवलीची त्यांपैकी एक. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा, जिच्यावर 1721 साल आहे, तीही याच मोहिमेची आठवण म्हणून सांगितली जाते. मेणवलीच्या घंटेवर 1707 साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात आणि मेरी कुठे आहे म्हणून शोधत राहतात. घंटेभोवती फिरून बघावं लागतं. उठाव हलका आहे, मोबाइलचा टॉर्च घंटेच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून तिरका धरलात तर आकृती आणि आकडे स्पष्ट होतात. घंटा वाजवायला जाऊ नका. एवढ्या वजनाच्या जुन्या ओतीव घंटेला चुकीच्या जागी दगडाने किंवा लोखंडाने ठोकलं तर तडा जातो, आणि तडा गेलेल्या घंटेचा नाद परत येत नाही.

मेणवलीहून वाई तीन-चार किलोमीटर. इथे साडेदहाच्या सुमारास पोहोचणं चांगलं. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, ढोल्या गणपतीला रांग असते. ज्याला वास्तू बघायची आहे त्याने तो दिवस टाळावा.

वाईचं आजचं रूप मुख्यतः रास्त्यांनी घडवलेलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या. सोयरिकीनंतर घराण्याचा उत्कर्ष झाला आणि त्यातला बराच पैसा नदीकाठी दगडात उतरला. काशीविश्वेश्वराचं मंदिर आनंदराव भिकाजी रास्त्यांनी 1757 मध्ये बांधलं आणि त्याच्या शेजारचं गणपतीचं मंदिर गणपतराव भिकाजी रास्त्यांनी 1762 मध्ये. म्हणजे पानिपताच्या दुसऱ्या वर्षी हे काम पूर्णत्वाला गेलं, हे लक्षात घेतलं की त्या घराण्याच्या ताकदीचा अंदाज येतो.

ढोल्या गणपती ही मूर्ती एकाच दगडातली, सुमारे दहा फूट उंच आणि आठ फूट रुंद. गुडघे बाजूला फाकवून, उकिडवी म्हणावी अशी बैठक. दर्शन घेऊन लोक आल्या वाटेने परततात. तसं करू नका. बाहेर येऊन देवळाला घाटावरून वळसा घाला आणि मागच्या बाजूला जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या अंगासारखी निमुळती होत टोकाला आलेली आहे, आणि ते टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला आहे. देऊळ नदीच्या पात्राला लागून घाटावरच असल्याने पुराचं पाणी त्याला दरवर्षी भिडणार हे बांधणाऱ्यांना माहीत होतं. सपाट भिंतीवर पाणी आणि पाण्याबरोबर येणारे ओंडके सरळ आदळले असते. निमुळत्या टोकावर प्रवाह दुभंगतो, दोन्ही बाजूंनी निघून जातो, आणि भिंतीवरचा दाब कमी होतो. पुलांच्या खांबांना वरच्या अंगाला टोक काढतात ते याच कारणासाठी. जवळ जाऊन त्या टोकाच्या दगडांच्या कडा हाताने बघा. अडीचशेहून जास्त पावसाळे अंगावर घेऊनही सांधे कसे बसलेत ते तिथे कळतं. पलीकडच्या काठावरूनही हा आकार चांगला दिसतो.

काशीविश्वेश्वराच्या आवाराला तटबंदी आहे, आत दीपमाळा आणि चकचकीत काळ्या दगडाचा नंदी. नंदीच्या गळ्यातल्या माळा आणि झुलीची किनार खूप बारकाईने कोरलेली आहे. पाच मिनिटं तिथे खाली बसून बघण्यासारखी.

नंतर जमेल तेवढं घाटांवरून चाला. वाईत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड असे सात घाट मानतात आणि प्रत्येकाचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा असतो. हा उत्सव अफझलखानाच्या स्वारीच्या वेळच्या नवसातून सुरू झाला असं वाईत मानतात. खान वाई प्रांताचा सुभेदार होता आणि 1659 मध्ये प्रतापगडाकडे निघण्याआधी त्याचा तळ इथेच होता. हिवाळ्याच्या अखेरीपासून एकेका घाटाचे दिवस येतात. घाट माणसांनी भरलेला बघायचा असेल तर तेव्हा या, पण वाहन गावात आणू नका, स्टँडच्या बाजूला लावून चालत या. आळ्या अरुंद आहेत आणि एक चुकीची लावलेली गाडी सगळी आळी अडवते. घाटांच्या मागच्या आळ्यांत प्राज्ञ पाठशाळा आहे. मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी याच गावातून केलं. पुस्तकात बुडालेल्यांना त्या बाजूने एक चक्कर मारायला आवडेल.

जेवण वाईतच उरका. पुढे लिंब आणि माहुलीला पोटभर जेवणाची सोय गृहीत धरू नका. डिसेंबर ते मार्चमध्ये रस्त्याकडेला स्ट्रॉबेरी मिळते. घ्यायची असेल तर परतीच्या वाटेवर घ्या, गाडीत दुपारभर राहिली की खालचा थर पिचतो.

वाईहून पाचवड फाट्याला महामार्गावर यायचं आणि साताऱ्याच्या दिशेने निघायचं. नागेवाडी फाट्याला आत वळलं की लिंब. बारा मोटेची विहीर गावाच्या वस्तीत नाही, शेरेवाडीच्या बाजूला शेतात आहे. फाट्यावर नुसतं लिंब न विचारता विहिरीचंच नाव घेऊन विचारा, नाहीतर आधी गावात आणि मग परत उलटं यावं लागतं.

इथे एक चूक इतक्या ठिकाणी छापलेली दिसते की ती आधी दूर करायला हवी. विहीर 1641 ते 1646 मध्ये बांधली असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते आकडे शकाचे आहेत. शके 1641 मध्ये 78 मिळवले की इसवी सन 1719 येतं आणि शके 1646 म्हणजे 1724. विहीर वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतली आणि त्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातल्या. इसवी सन 1641 मध्ये शिवाजी महाराज अकरा वर्षांचे होते आणि सातारा मराठ्यांची राजधानी व्हायला अजून सहा-सात दशकं होती. जुना शिलालेख कुठेही वाचताना आकड्याच्या आधी शके आहे का ते बघायची सवय लावून घ्यावी, निम्मे घोटाळे तिथेच मिटतात.

विहीर सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची, वरून बघितली तर शिवलिंगाच्या आकाराची. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडून आयताकृती भाग, आणि दोन्हींच्या मध्ये पुलासारखा महाल. रुंद दगडी जिन्याने खाली उतरलं की मोठा दरवाजा लागतो. आत गेल्यावर भिंतींवर शरभाची, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याची, शिल्पं आहेत, पंज्यात हत्ती पकडलेली. दरवाजाच्या बाजूने, भिंतीच्या जाडीतच काढलेल्या अरुंद जिन्यांनी वरच्या महालात जाता येतं. खांबांवर गणपती, हनुमान, हत्ती, घोडेस्वार कोरलेले आहेत. जिना अंधारा आहे, पायऱ्या उंच आहेत आणि दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे यावं लागतं. गर्दी असेल तर आधी वरचे उतरू द्या.

उजेडाचं सांगायला हवं. एवढ्या खोल आणि त्या मानाने अरुंद विहिरीत सकाळी लवकर किंवा संध्याकाळी नुसती सावली असते. अकरा ते दोनच्या दरम्यान पोहोचलात तर भिंतींवरची शिल्पं उजेडात मिळतात. सूर्य तळापर्यंत सरळ उतरलेला बघायचा असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी यावं. तेव्हा या अक्षांशावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो.

शिल्पं बघून झाली की वरच्या कडेवर जा, कारण विहिरीचं खरं काम तिथे चालायचं. मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत आणि त्यांतल्या बारा एका वेळी चालवत, म्हणून हे नाव, असं सांगतात. ज्यांनी मोट चालताना बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खालच्या अंगाला तिला हत्तीसारखी सोंड. जाड नाडा मोटेच्या तोंडाला बांधलेला, तो वरच्या चाकावरून बैलांच्या जूपर्यंत. दुसरा बारीक दोर, सोंदूर, सोंडेच्या टोकाला, तो खालच्या रुळावरून. मोट भरून वर येत असते तेव्हा सोंदूर सोंडेला वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. बैल उताराच्या धावेवरून खाली चालत जातात, त्यांचं वजनच त्यांना मदत करतं. मोट काठाशी आली की सोंदूर सोंडेला थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडात, ओढून घेतो आणि मोट आपोआप रिकामी होते. तिथून पाणी पाटाने मळ्यात. मग बैल मागे मागे चढून येतात आणि मोट परत पाण्यात जाते. विहिरीच्या काठावर उभं राहून चाकाच्या जागा, थारोळी आणि पाटाच्या दिशा शोधा. इथे एका वेळी चोवीस बैल लागत असणार, तेव्हा काठाभोवती एवढी मोकळी जागा का ठेवली हेही लगेच उलगडतं. हे पाणी आमराईसाठी होतं, तीनशेच्या आसपास झाडांची बाग होती असं सांगतात.

काठावर बसून फोटो काढू नका आणि मुलांचा हात सोडू नका. खाली थेट खोल पाणी आहे. पाण्यात नाणी, फुलं, बाटल्या काही टाकू नका.

शेवटचा टप्पा संगम माहुली, साताऱ्याच्या पूर्वेला पाचेक किलोमीटर. महामार्ग ओलांडून कोरेगाव-रहिमतपूरच्या रस्त्याला लागायचं. रेल्वेने आलेल्यांना हे उलट सोयीचं आहे, सातारा स्टेशन माहुलीच्याच बाजूला आहे. इथे कृष्णेला वेण्णा मिळते. वेण्णेवर वर कण्हेर धरण, कृष्णेवर धोम, म्हणजे पावसाळ्यात इथलं पाणी दोन्हींच्या विसर्गाने ठरतं. धोमचा विसर्ग बंद आहे म्हणून माहुलीचा घाट उघडा असेल असं समजू नका.

काठ दोन आहेत हे लक्षात ठेवा. एका बाजूला संगम माहुली, दुसऱ्या बाजूला क्षेत्र माहुली. विश्वेश्वराचं मोठं मंदिर संगम माहुलीला, ते श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी 1735 च्या सुमारास बांधलं. समोरच्या काठावर रामेश्वर. विश्वेश्वराच्या पायऱ्यांवरून रामेश्वराचा घाट चांगला दिसतो आणि रामेश्वराकडून संगमाचा पूर्ण विस्तार. नकाशावर नुसतं माहुली टाकलं तर चुकीच्या काठावर पोहोचण्याची शक्यता निम्मी, म्हणून देवळाचं नाव टाका.

हा काठ सातारच्या राजघराण्याची दहनभूमी. शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले, त्यांची समाधी इथेच आहे. महाराणी येसूबाई आणि महाराणी ताराबाई यांच्याही. ज्यांच्या नावाने आपण शाळेत धडे वाचले त्यांच्यापैकी काहींच्या समाध्या नदीच्या वाळूत, अगदी साध्या चौथऱ्यांच्या रूपात आहेत, आणि पुराने आणलेला गाळ वर्षानुवर्षं त्यांच्यावर बसत आला आहे. कुठल्याही चौथऱ्यावर बसण्याआधी, बॅग टेकवण्याआधी विचारा. देवळाजवळ शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगितलं जातं. कोणती समाधी कोणाची हे समजून घ्यायला गावातल्या जाणत्या माणसाला किंवा पुजाऱ्याला विचारणं सगळ्यात चांगलं. तिथे जाऊन जो तो अंदाज बांधतो आणि तेच पुढे इंटरनेटवर पसरतं. पात्रात नंतरच्या माणसांचीही अनेक छोटी वृंदावनं आहेत. आजही इथे अंत्यविधी होतात. त्या बाजूला कॅमेरा वळवू नका.

रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या 30 ऑगस्ट 1773 च्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे न्यायाधीश. आणि ऑगस्ट 1817 मध्ये, मराठेशाहीच्या अगदी शेवटच्या महिन्यांत, दुसऱ्या बाजीरावाची आणि ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमची भेट झाली तीही माहुलीलाच.

माहुलीला चारच्या सुमारास यावं म्हणजे अंधाराआधी दोन्ही काठ होतात. अंधारात पात्रात उतरू नये, वाळू आणि गाळ दोन्ही फसवे आहेत. मुक्काम साताऱ्यात केलात तर दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस कराडला देता येतो, पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना जवळजवळ समोरासमोर येऊन मिळतात आणि काटकोनात वळून पूर्वेला निघतात. संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, लागून बाग आहे, आणि लहान मुलं बरोबर असतील तर या सगळ्या काठावर त्यांना मोकळं सोडता येईल अशी ही एकच जागा. रविवारी संध्याकाळी तिथे सगळं कराड असतं. सकाळी आठच्या आत गेलात तर दोन्ही नद्यांच्या पाण्यातला रंगाचा फरक काही दिवस, विशेषतः पावसाळ्याच्या सुरुवातीला, स्पष्ट दिसतो. एका नदीला गढूळ पाणी आधी येतं आणि दुसरी अजून निवळ असते, तेव्हा मध्ये रेघ ओढल्यासारखी दिसते. ती रेघ काठाच्या कठड्यावरूनच बघा, पाण्यात उतरून नाही.